१२ मिलिमीटरचा कॅरम बोर्ड : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मोठ्या आकाराचा, १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा कॅरम बोर्ड आम्ही गेल्या नोव्हेंबरात विकत घेतला. तो स्टँडवर मांडून हॉलमध्ये ठेवल्याला आता दहा महिने झाले आणि या काळात तो एकदाही कपाटामागे गेलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, आमच्या घरात हौसेने आणलेल्या वस्तूंचा पुढचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. व्यायामाच्या सायकलवर आज टॉवेल वाळतात आणि सूप करण्याचे यंत्र मूळ खोक्यासह माळ्यावर आहे. डोंबिवलीतल्या साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात पावणेतीन फूट लांबीरुंदीची एखादी वस्तू रोज वापरात राहते, ही आमच्यासाठी नवलाची गोष्ट असल्याने तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले, मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला गेला आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळात घरात दोन माणसे दोन फोन घेऊन दोन खुर्च्यांत बसलेली दिसू लागली. भांडण नव्हते, अबोला नव्हता. पण बोलायलाही काही निमित्त लागते आणि उद्या भाजी कोणती करायची, हे निमित्त रोज पुरत नाही. कॅरमची कल्पना माझी. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. गॅलरीच्या टोकाला बोर्ड असे, पण तो मुलांचा. मुलींची वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे मुले क्रिकेटला गेलेली असताना, आणि ती परत आली की डाव जिथे असेल तिथे टाकून आम्ही उठायचे. राणी घेतल्यावर ती कव्हर करायच्या, म्हणजे तिच्यामागून आपली एक सोंगटी घ्यायच्या आधीच उठावे लागल्याचे प्रसंग मला तारीखवार आठवत नसले, तरी पुसलेही गेलेले नाहीत. तेव्हा पन्नाशी ओलांडल्यावर घेतलेला हा बोर्ड थोडासा जुनी उधारी वसूल करण्यासाठीही होता, हे कबूल करते.

पहिली खरेदी फसली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेला २६ इंची, ४ मिलिमीटर प्लायचा बोर्ड घरी आला तेव्हा एका कोपऱ्याचा सांधा उघडा पडला होता आणि मधोमध बोट दाबले की प्लाय खाली जात होता. विक्रेत्याने आधी फोटो मागितले, फोटो मिळाल्यावर व्हिडिओ मागितला आणि अठरा दिवसांनी पैसे परत केले. त्या अठरा दिवसांत मी कॅरमचे नियम वाचून काढले, एवढाच त्या व्यवहाराचा लाभ.

नियम वाचण्यासारखे आहेत. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची स्थापना १९८८ साली त्या वेळच्या मद्रासमध्ये झाली आणि आपल्याकडे गॅलरीत, गच्चीत, मंडळाच्या खोलीत कसाही खेळला जाणारा हा खेळ नियमांच्या पुस्तकात मात्र सोनाराच्या काट्यावर ठेवल्यासारखा मोजलेला आहे. खेळाची जागा ७३.५ ते ७४ सेंटिमीटर लांबीरुंदीची असावी लागते, प्लाय निदान ८ मिलिमीटर जाड लागतो, सोंगटीचे वजन ५ ते ५.५ ग्रॅम, स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा आणि तो हस्तिदंताचा किंवा धातूचा चालत नाही. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर आणि स्ट्रायकरचा जास्तीत जास्त ४.१३, म्हणजे दोहोंत जेमतेम ३ मिलिमीटरचे अंतर. असे असूनही आपला स्ट्रायकर इतक्या सुरळीतपणे पॉकेटात कसा जातो, हे कोडे त्या आकड्यांनी सुटत नाही.

या मापांचा व्यवहारातला अर्थ छोट्या बोर्डावर काही डाव खेळल्याशिवाय कळत नाही. २६ इंची बोर्डावर बहुधा नेहमीच्याच आकाराच्या सोंगट्या येतात, त्यामुळे ब्रेक केल्यावर त्या पांगतच नाहीत. सगळी गर्दी मधे राहते, कट मारायला कोन मिळत नाही आणि खेळ नुसत्या धक्काबुक्कीवर येतो. शिवाय तो जमिनीवर किंवा पलंगावर ठेवावा लागतो. चाळीस वर्षांपूर्वी मांडी घालून तीन तास बसणे ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नसे; आता चार प्रौढ माणसांना जमिनीवर बसवले, तर दुसऱ्या डावाला तिघे उठतात आणि चौथ्याला उठवावे लागते. ज्यांच्या घरी लहान मुलेच खेळणार आहेत, त्यांनी छोटा बोर्ड खुशाल घ्यावा. मोठ्या माणसांना जमवायचे असेल, तर पूर्ण आकाराचा बोर्ड आणि स्टँड यांना पर्याय नाही.

मग एका शनिवारी आम्ही धोबी तलावला गेलो. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या साहित्याची दुकाने आहेत, त्यांतल्या एकात शिरलो. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. दुकानदाराने ८, १२ आणि १६ मिलिमीटरचे तीन बोर्ड ओळीने मांडले, तिन्हींवर पावडर टाकली आणि माझ्या यजमानांच्या हातात स्ट्रायकर देऊन ‘मारा’ म्हणाला. नियमाप्रमाणे १५ ग्रॅमचा स्ट्रायकर जोराने मारल्यावर समोरच्या कडांवर आपटत किमान साडेतीन वेळा बोर्ड ओलांडून गेला पाहिजे. तिन्ही बोर्डांवर तो गेला. खरे तर ८ मिलिमीटरचा बोर्डही घरच्या खेळाला पुरेसा आहे आणि त्यात दीड हजार रुपये वाचतात. आम्ही १२चा घेतला तो आवाजासाठी. ८वर सोंगटी आपटली की पत्र्यावर बोर पडल्यासारखे वाजत होते, तर १२वर तो आवाज भरीव आणि छोटा होता. १६चा बोर्ड उचलून पाहिल्यावर यजमानांनी आमच्या इमारतीला लिफ्ट नसल्याची आठवण करून दिली. बोर्डाचे ६,५०० रुपये, लोखंडी घडीच्या स्टँडचे १,४००, वेगळा स्ट्रायकर आणि पावडरचे दोन डबे मिळून ५५०, असा हिशेब झाला.

टेम्पोचे भाडे ऐकल्यावर आम्ही बोर्ड लोकलने आणायचे ठरवले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर लगेजच्या डब्यात तो उभा धरून आम्ही चढलो आणि भायखळा येईपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाने त्याच्यावर बोटाच्या पेराने एकदा तरी टकटक करून पाहिले होते. टोपल्या घेऊन निघालेल्या एका मावशींनी किंमत विचारली, ऐकून मान हलवली आणि ‘आमच्या कोळीवाड्यात आणखी स्वस्त मिळाला असता’ असा निकाल दिला. पुठ्ठ्याची खोकी नेणाऱ्या एका मुलाने बोर्ड आडवा करून डोळा प्लायच्या पातळीत आणला, पृष्ठभागावर लाट आहे का ते उजेडात तपासले आणि ‘चांगला आहे, पण भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, बाक येईल’ असे सांगितले. दुकानदाराने ही गोष्ट सांगितली नव्हती. ठाण्यापर्यंत दोन अनोळखी प्रवासी त्या डब्यात कॅरमवरून वाद घालत होते: राणी पहिल्याच फटक्यात घेता येते की आधी आपली एक सोंगटी जायला हवी. घरोघरी हा नियम निराळा असतो आणि ज्याच्या त्याला आपलाच नियम मूळचा वाटतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे वापर. पहिले दोन आठवडे आम्ही दोघेच खेळलो. यजमान जोरात मारतात, त्यांचा भर रिबाऊंडवर, म्हणजे कडेला आपटून परत येणाऱ्या फटक्यावर; मी हळू मारते आणि सरळ जाणारी सोंगटी सोडत नाही, त्यामुळे बहुतेक डाव मी जिंकले. लग्नाला २८ वर्षे झाली असली, तरी हरल्यावर हा गृहस्थ कसा वागतो, हे पाहायची संधी मला याआधी आलीच नव्हती. ते नखाकडे बघतात. प्रत्येक चुकलेल्या फटक्यानंतर तर्जनीचे नख उजेडात धरून तपासायचे, जणू दोष त्याचाच. एकदा मी न सांगता नेलकटर आणून बोर्डाच्या चौकटीवर ठेवले, तेव्हा ते इतके हसले की तो डाव तसाच मोडावा लागला.

तिसऱ्या आठवड्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका दारात उभे. वय ७८, काकू गेल्यापासून ते खाली उतरत ते फक्त दूध आणि औषधे आणण्यापुरते. ‘तुमच्याकडून आवाज येतो,’ ते म्हणाले. आम्ही दोघेही दिलगिरी व्यक्त करण्याच्या तयारीत असताना त्यांनी वाक्य पुरे केले, ‘पावडर कमी टाकता तुम्ही. सोंगटी घासतेय, वर ऐकू येतं.’ काका बँकेच्या संघातून कॅरम खेळलेले आहेत, हे पंधरा वर्षांच्या शेजारात आम्हाला ठाऊक नव्हते. बँका, विमा, विमान आणि तेल कंपन्या यांनी एके काळी कॅरमपटूंना खेळाडू म्हणून नोकऱ्या दिल्या, त्यांचे संघ बांधले आणि त्या आधारावर कितीतरी मध्यमवर्गीय मुलांचे संसार उभे राहिले. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना १९९६ साली कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा काकांनी आपल्या शाखेत पेढे वाटले होते. हे सर्व त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितले, स्ट्रायकर पुसता पुसता.

काकांचा हात आता थरथरतो. चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण ऐकू येते. त्यामुळे ते जोर लावायच्या भानगडीत पडत नाहीत. आपली एक काळी सोंगटी ते अलगद ढकलून पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवतात आणि हात मागे घेतात. पाहणाऱ्याला वाटते फटका चुकला. पुढच्या चार पाळ्यांत कळते की, त्या पॉकेटाकडे जाणारी आपली वाट बंद झाली आहे आणि ती सोंगटी त्यांना हवी तेव्हा जाणार आहे. असे काळे-पांढरे कुंपण घालून त्यांनी आम्हाला दहा महिन्यांत किती वेळा हरवले, याची मोजदाद यजमानांनी सोडून दिली आहे. काका रोज साडेसातला येतात. सुरुवातीला ते काकूंविषयी बोलत नसत. पुढे बोलू लागले, पण समोर पाहून नव्हे. सोंगट्या वर्तुळात रचताना, मान खाली घालून, दोन-दोन वाक्ये. समोरासमोर बसून चौकशी केली असती, तर ‘बरं आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नसते, अशी माझी खात्री आहे.

चौथी जागा रिकामी राहत असे, ती रविवारी माझ्या चाळीतल्या मैत्रिणीने भरली. ती मुलुंडला राहते, मी डोंबिवलीला. मधे गाडीचे जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर, आणि तरीही आम्ही ३० वर्षांत भेटलो त्या लग्नात किंवा स्मशानात. बाकी सकाळची फुले फोनवर. बोर्डाचा फोटो पाठवल्यावर तिने उत्तरात फक्त गाडीची वेळ लिहिली. केस पांढरे झालेले, चष्मा जाड, गुडघ्याला पट्टा. दारात आली तेव्हा क्षणभर मला तिची आई आल्यासारखे वाटले. पण बसल्यावर तिने स्ट्रायकर उचलला, त्याच्यावर एक फुंकर मारली, ओढणीच्या टोकाला पुसला, पुन्हा फुंकर मारली आणि करंगळी बोर्डावर रोवून नेम धरला. गॅलरीत ती अगदी असेच करायची आणि त्या दुसऱ्या फुंकरीवरून आमची नेहमी भांडणे व्हायची, कारण तेवढ्यात मुले परत येत. या खेपेला तिला हव्या तेवढ्या फुंकरी मारू दिल्या. ती आता महिन्यातून तीन रविवार येते, दुपारचे जेवण दोघी मिळून करतो आणि डावाच्या मधे ती जे सांगते, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

दुहेरी खेळताना जोडीदार समोरासमोर बसतात आणि नियमाप्रमाणे त्यांना एकमेकांना शब्दाने किंवा खुणेने काही सुचवता येत नाही. आमच्या घरी हा नियम काकांनी कडकपणे लागू केला, तो यजमानांच्या भुवयांमुळे. त्या इतक्या बोलक्या आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते. डावी भुवई वर गेली की राणी, दोन्ही जवळ आल्या की ‘थांब, ती माझी आहे’. सध्या भुवईला एक सोंगटी दंड आहे. स्पर्धेतला डाव २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, म्हणजे सोंगट्या रचून खेळलेल्या ८ फेऱ्यांचा असतो आणि राणीचे ३ गुण धरतात, पण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन शाळकरी मुली आल्या की आम्ही घरगुती पद्धतीवर येतो: काळी १०, पांढरी २०, राणी ५०. त्यांना कोणीही, कुठल्याही वेळी उठवत नाही. एवढी अट मी घातली आहे.

गणपतीला मुलगा आला. तो फोनवर कॅरम खेळतो आणि उत्तम खेळतो, असे त्याचे म्हणणे होते. फोनवर नेम धरला की सोंगटी कुठे जाणार याची रेघ आधीच दिसते. इथे रेघ नव्हती, तेव्हा काकांनी त्याला लागोपाठ तीन डाव हरवले. जाताना त्याने ‘बोर्ड काढून टाकू नका’ असे दोनदा बजावले, आणि पोहोचल्यावर फोन केला तो आपण सुखरूप आहोत हे सांगायला नव्हे, तर काकांच्या त्या कुंपणातून बाहेर कसे पडायचे हे विचारायला.

आता पावसाळ्याविषयी, कारण कोकणपट्टीत बोर्ड घेणाऱ्याला हे कोणीच सांगत नाही. जुलैत हवा दमट झाली की प्लाय ओल धरतो, पावडरच्या गुठळ्या होतात आणि बोर्ड मंदावतो. नेहमीचा फटका निम्म्या वाटेत थांबतो. माझी पहिली चूक ही की, मी जास्त पावडर टाकली. दुसरी चूक त्याहून मोठी, घरात बोरिक पावडर संपली म्हणून अंगाला लावायची सुवासिक पावडर शिंपडली. ती चिकटून बसली आणि बोर्डाला आठवडाभर मोगऱ्याचा वास येत राहिला. उपाय काकांनी केला. जुन्या चाळीत आणि मंडळात बोर्डावर टोपी घातलेला पिवळा दिवा टांगलेला असे, तो केवळ उजेडासाठी नव्हता. त्याच्या उबेने प्लाय कोरडा राही. आमच्या एलईडी दिव्याला ऊब कुठली! शेवटी ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब शोधून आणला, पुठ्ठ्याची टोपी करून बोर्डापासून हात-दीड हात उंचीवर टांगला, खेळापूर्वी वीस मिनिटे लावला आणि बोर्ड पुन्हा पळू लागला. ओल्या फडक्याने बोर्ड कधीही पुसू नये, कोरड्या मलमलीने पुसावा आणि वर जाड चादर घालावी. बोरिक पावडर लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते; आम्ही डबा वरच्या फळीवर ठेवतो आणि खेळ संपल्यावर सगळ्यांना हात धुवायला लावतो.

तक्रारी तीन. पॉकेटच्या जाळ्या निकृष्ट निघाल्या. चौथ्या महिन्यात दोन फाटल्या आणि सोंगट्या थेट फरशीवर पडू लागल्या, तेव्हा मैत्रिणीने जाड दोऱ्याने क्रोशाच्या चार नव्या विणून दिल्या. स्टँडचा एक पाय आखूड आहे. दुकानदाराला फोन केला, तेव्हा त्याने ‘फरशी तपासा’ असे सुचवले. फरशी तपासली, ती निर्दोष आहे. त्या पायाखाली आता जुन्या रेशनकार्डाचे प्लॅस्टिकचे पाकीट आहे आणि बोर्ड समतल आहे, पण १,४०० रुपये घेऊन एवढे तरी सरळ द्यावे. तिसरी तक्रार बोर्डासोबत आलेल्या स्ट्रायकरविषयी. तो हलका आहे, कडेला खरखरीत आहे आणि पहिल्या दिवसापासून डब्यात पडून आहे. स्ट्रायकर वेगळा घ्यावाच लागतो, असे गृहीत धरून चालावे. चौकटीचे सांधे, प्लायची सपाटी आणि कडांचा रिबाऊंड यांविषयी मात्र बोट ठेवायला जागा नाही. पावसाळा जाऊनही बाक आलेला नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या पायाचा.

एक पांढरी सोंगटी गेल्या महिन्यात हरवली. सोफ्याखाली, फ्रिजमागे, शाळकरी मुलींच्या दप्तरांत, सगळीकडे शोधून झाले. तिच्या जागी काकांनी आपल्या जुन्या संचातली एक आणून दिली. ती किंचित पिवळट आहे, बाकीच्यांपेक्षा जाड आहे आणि पॉकेटात पडताना वेगळी वाजते, त्यामुळे स्वयंपाकघरातूनही कळते की ती गेली. १९ सोंगट्यांचा नवा संच तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो. तो आणायचे दोन रविवारी ठरले होते, पण अजून कोणी आणलेला नाही.